बयाबाईंची जीभ

बयाबाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं गावातल्या एसटीडीवरून कळवलं. मी फोन ठेवला, वही उघडली आणि कामांच्या यादीतली एक ओळ शोधली : 'बयाबाईंना सांगणे.' सात वर्षं ही ओळ मी एका वहीतून दुसरीत उतरवत आले होते...

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कामाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आम्ही अन्नातली चव मोजणाऱ्या पट्ट्या तयार करत होतो. पट्टीवर एका प्रथिनाचा पातळ थर असायचा. वास्त्यांतला, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांतला, कडू पदार्थ त्याला लागला की यंत्राचा काटा सरकायचा. पट्ट्या पारखायला मी गडचिरोलीजवळच्या एका गावात जाई. तिथल्या बायकांचा बचत गट वास्त्यांचं लोणचं घाली, आणि कडूपणा जावा म्हणून कोंब किती वेळा पाणी बदलून उकडायचे हे बयाबाई ठरवत. आदल्या संध्याकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, सकाळी नुसता कोरा भात, मग डोळे मिटून एक काप जिभेवर. त्यांनी मान हलवल्याशिवाय भांडं चुलीवरून उतरत नसे.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "कडू हाय जी बाई. आजून दोन पाणी पाह्यजे." माझा काटा जागचा हलला नव्हता. "यंत्र चुकत नाही, बयाबाई," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "खर्र्यानं जीभ मेली असेल तुमची." बायका खिदळल्या. "काऊन व बया, जिभेले चुना लागला का तुह्या?" बयाबाईही हसल्या, भांडं पुन्हा चढवलं आणि दोन पाणी काढलीच. पण त्यानंतर चाखायला दुसरी बाई बसू लागली.

नागपूरला परतून पट्ट्या तपासल्या, तर प्रथिनच मेलेलं. ते थंड राहावं म्हणून यादीत 'आरमोरीला बर्फ', म्हणजे वाटेतल्या थांब्यावर घ्यायचा, असं लिहिलं होतं आणि घाईत, निघण्याआधीच, त्यावर बरोबरची खूण करून टाकली होती. बर्फ घेतलाच नाही. पट्ट्यांचा डबा एसटीच्या ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवून मी डुलक्या घेत गेले. अहवालातले आकडे त्याच आठवड्यात दुरुस्त केले. गावात मात्र... पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेलाही तेच म्हटलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले. गटातल्या बायका बसल्या होत्या. सगळं सांगून टाकलं. मग सून म्हणाली, "मले मालूम हाय जी. यष्टीवरून डब्बा बुढीनंच आणला होता ना, तवाच गरम लागला तिले."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मी बी इचारलं. म्हणे, बाईच्या नोकरीचं काम हाय, चारचौघात खाली काऊन पाडू तिले?"

ती रागानं बोलली नव्हती. चुलीपुढचा बयाबाईंचा पाट तिनं माझ्याकडे सरकवला. "बसा जी, चहा ठेवतो." मी जमिनीवरच बसले.