कंबरेवर हात

आमच्या खालच्या खोलीतली काकी दोन्ही हात कंबरेवर ठेवून दारात उभी राहिली की मुलुंडच्या त्या चाळीत कुणाची टाप नसे तिच्यासमोरून जायची. भाजीवालासुद्धा टोपली उचलून पुढच्या दाराशी बसायचा. मोठ्या बाईला अहोजाहो करावं, पण मनातल्या मनात मी तिला कायम एकेरीच ठेवलं. मला ती मुळीच आवडत नसे.

आमचं तिचं वाजलं ते कुसुमवरून. कुसुम माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, "हातवारे करू दिलेत तर ही कधीच बोलणार नाही." पन्नास-बावन्न सालची गोष्ट. डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा. कुसुम तेव्हा सात वर्षांची आणि मी बारा. फोर्टातल्या कचेरीला निघताना बाबा फूटपट्टी माझ्या हाती देत. कुसुमचा हात उठला की त्यावर पट्टी बसायची. तिला तहान लागली की पेला तिच्यासमोर धरून मी म्हणायचे, "म्हण, पाणी." तिच्या तोंडून नुसता 'आ' निघायचा. 'पा' ऐकू येईपर्यंत पेला माझ्याच हातात. हे मी मन लावून करत असे. आज लाज वाटते, तेव्हा अभिमान वाटायचा.

काकी मालवणकडची. तिचा थोरला भाऊ बहिरा होता, होडीवर कामाला जायचा, आणि घरातली सगळी त्याच्याशी हातांनी बोलत. एकदा जिन्यात तिने बाबांना कुसुमवरून अडवलं. "तुमच्या चेडवाक आयकाक येना नाय, मगे तुमी वरडतास कित्याक?"

"आमच्या घरात लक्ष घालू नका," बाबा म्हणाले.

"घरात खंय घालतंय? चेडवात घालतंय."

बाबांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. आम्हीही टाकलं. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एके दिवशी कुसुम सकाळपासून रडत होती आणि सारखा कानाकडे हात नेत होती. मी नेमाने पट्टी मारत होते. दुपारी काकी धाडधाड जिना चढून आली, माझ्या हातातली पट्टी हिसकावून तिने खिडकीबाहेर फेकली आणि कुसुमपुढे बसून हातांनी काहीतरी विचारलं. कुसुमने चिमटीत काही धरल्यासारखं केलं आणि ती चिमूट कानाशी नेली.

"चिंचोको घातल्यान हा कानात," काकी म्हणाली. "आणि तू मारतंस तिका."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी चिमट्याने चिंचोका काढला. बाबांनी काकीचे आभार मानले नाहीत, संध्याकाळी येताना नवी पट्टी मात्र आणली.

पण त्यानंतर रोज दुपारी आईचा डोळा लागू लागला, आणि तेवढ्यात कुसुम खाली पोचलेली असे. मी कठड्यावरून बघायचे. काकी काही फार मायेने शिकवत नसे. खूण चुकली की कपाळावर हात मारून घ्यायची, कुसुमवर खेकसायची, तेही हातांनीच. कुसुम उलट तिच्यावर खेकसायची. आमच्या घरात कुसुमला कधी कुणाशी भांडताच आलं नव्हतं. मला दोघींचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

काकीचा एक नेम होता. माणसांची खुणेतली नावं बहिऱ्या मुलानेच ठेवायची, जे ज्याचं लक्षण दिसेल त्यावरून. मोठ्यांनी त्यात बोलायचं नाही. कुसुमच्या खुणांत बाबा म्हणजे घड्याळाला किल्ली देणं. आई म्हणजे पदर खोचणं. काकी म्हणजे अर्थातच कंबरेवर दोन हात.

दोन वर्षांनी काकीच्या नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटली आणि ती दोघं गावी परत निघाली. ती वळकटी बांधत असताना मी दारात जाऊन विचारलं, "मला काय म्हणते ती?"

काकीने वळकटीची दोरी खाली ठेवली. मग तिने डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची दोन बोटं सपकन मारली.

"रागाव नको. नाव तिनाच ठेवल्यान."

मी रागावलेच, आणि तेही काकीवर. ती निघाली तेव्हा मी खालीसुद्धा उतरले नाही. कठड्यावरून दिसत होतं, टांगा वळेपर्यंत दोघींचे हात चालू होते, हाक पोचली नसती इतक्या लांबून.

पुढे बऱ्याच वर्षांनी गावाकडून काकी गेल्याचं पत्र आलं. कुसुम तेव्हा घाटकोपरला संसारात होती. मी तिच्या घरी गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवले. पुढची खूण मला येत नव्हती. मी कधी शिकलेच नव्हते. तोंडाने सांगू गेले तर रडू फुटलं आणि नुसता 'आ' झाला.

कुसुम माझ्या हातांकडे बघत थांबली. मग तिला कळलं. तिने माझे हात कंबरेवरून सोडवून आपल्या हातात घेतले आणि तळवे सावकाश पालथे केले. 'गेली' याची ती खूण होती.

मग ती आत गेली आणि पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला, मी काही म्हणायची वाट न बघता.