ठोक्या आणि बारक्या

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ सव्वीस वर्षं एकाच पाणथळीवर पक्षी मोजत. सगळे त्यांना मास्तर म्हणत; शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं.

तिथल्या झुडपांत दोन जातींचे वटवटे असतात. दोघंही चिमणीहून लहान, मळकट हिरवे, सख्ख्या भावांसारखे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, तो आवाजात आहे. एक लाकडावर टकटक केल्यासारखा गातो, म्हणून ठोक्या. दुसऱ्याचं गाणं उंच आणि तारेसारखं बारीक, तो बारक्या. मास्तर सकाळी कान देऊन उभे राहत आणि वहीत टिपत.

चार वर्षं बारक्या घटत चालला होता. चौथ्या वर्षी शून्य. वर्तमानपत्रात बातमी आली, आणि मास्तरांना दोन दिवस घास गेला नाही.

पुढच्या हंगामात बायको सहज सोबत आली. बांधावर बसल्या बसल्या म्हणाली, "कोण हो हा, इतकं नाजूक गातोय?"

"कुठे?"

"अहो, तुमच्या डोक्यावरच की!"

मास्तरांनी वर पाहिलं. पक्ष्याची चोच उघडी होती, गळा थरथरत होता. त्यांना बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, ते उंच गाणं मात्र अजिबात नाही.

"घरी हाक मारली तर ओ देत नाही, मला वाटायचं सोंग घेता," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी लावली. पक्षी हातात धरून पंख मोजला की जात नक्की कळते. बारक्याचा पंख जरा लांब भरतो. दुपारपर्यंत एकोणीस वटवटे सापडले. त्यातले अकरा बारक्या निघाले.

तसेच ते वनखात्याच्या ऑफिसात गेले, जिथे त्यांच्या नोंदी जमा होत, आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "कोणाला कळतंय? यंदा परत आले असं लिहू."

"ते गेलेच नव्हते, साहेब. माझे कान गेलेत."

चार वर्षांच्या नोंदींवर त्यांनी स्वतः आडवी रेघ मारली, खाली कारण लिहिलं, सही केली. ऐकून मोजायचं काम ऑफिसातल्या एका तरुण बाईंकडे गेलं. मास्तरांकडे जाळी आणि मोजपट्टी राहिली. पहिल्याच सकाळी बाईंनी चौतीस बारक्या मोजले. मास्तर "बरं झालं" म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन जाळीकडे गेले.

घरी बायकोनं विचारलं, "वाईट वाटतंय?"

"गाणं आठवतंय अजून," ते म्हणाले. "किती दिवस आठवेल, कोण जाणे."