चाचांच्या लाइटीतला गुलाल

धुळवडीला कोणी तोंड धुऊन फोटोला आलं, की आमचे फोटोवाले चाचा त्याला दारातूनच पिटाळायचे. "साफ तोंड रोजच हाय ना? जा, रंगून ये!"

त्या दिवशी भिवंडीतले कापडाचे लूम बंद. आम्ही कामगार माखलेल्या तोंडानं स्टुडिओसमोर रांग लावायचो. चाचा मोठ्या लाइटी आमच्या मागून लावायचे, स्वतः गुलाल उडवायचे आणि ओरडायचे, "कोणी शिंकायचं न्हाय!" की मी शिंकलोच. पण लाइटीत तो गुलाल असा पेटायचा, की माझ्यासारखं ध्यानही राजबिंडं दिसायचं.

खटका दाबायच्या आधी चाचा रुमालानं प्रत्येकाचे डोळे तेवढे पुसायचे. "फोटो गावाला आईकडे जातो. तिनं वळखायला नको?"

नव्वद सालच्या आगेमागे माझं लग्न अडलेलं. दोन मुलींनी मला बघून नकार दिलेला. तिसरी अंबाडी गावची, तिच्या घरच्यांनी आधी फोटो मागितला. धुळवडीचा रोल त्याच संध्याकाळी धुवायला जायचा होता, परवा माझा मामा फोटो घेऊन निघणार. आणि मी अक्कलवंतानं काय करावं? दोस्तांनी डिवचलं म्हणून हिरव्या रंगात लूमचं ऑइल कालवून तोंडाला फासलं. साबण झाला, रॉकेल झालं. मी आपला हिरवाच.

"चाचा, हे लग्नपण गेलं हो!" मी रडकुंडीला आलो.

चाचांनी मला उजेडात फिरवून बघितलं. "नुसता हिरवा पाठवला तर कावीळ समजतील. गुलालात उभा र्‍हा, मग सण वाटंल." डोळे पुसले, मूठभर गुलाल उडवला. "हस, गधे!" मी हसलो. अर्धा गुलाल पोटात गेला.

आठवड्यानं मामा सांगत आला, "पोरगी म्हणते, थोबाड काय कळत न्हाय, पण माणूस हसरा हाय. बघायला बोलवा."

बघायला गेलो तर ती लाजून मान खाली घालून बसली. ती मान वर करून मला बघायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

लग्नानंतर तिला चाचांकडे नेलं. तिनं फोटो बघितला, मला बघितलं आणि चाचांनाच धरलं, "चाचा, फोटोतला माणूस कुठं ठेवलात?"

चाचांनी स्वतःचे कान पकडले. "बेटी, लाइट माझी होती. तोंड याचं. मी काय करू?"

मग दर ईदला ती शीरखुर्मा प्यायला आणि भांडायला जायची. मी पिशवी धरून मागं.

चाचा वारले तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. मी म्हटलं, "अगं, तुला फसवलं ना त्यांनी?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "आता भांडू कोणाशी? तुमच्याशी भांडायला मजा येत न्हाय."