मापासाठी उभे राहिलेले काका

फोटो लहान कसा करायचा, हे मी एके काळी पुष्कळ लोकांना शिकवलं. आता ते कुणाला शिकावं लागत नाही, फोनच परस्पर करून टाकतो. पण तेव्हा इंटरनेटवरच्या आमच्या मंचावर फोटो चढवायचा म्हणजे आधी तो कमी करावा लागे. लांबी-रुंदी सहाशे चाळीस पिक्सेलच्या आत आणि वजन शंभर केबीच्या आत. जरा जास्त झालं की मंच लाल अक्षरांत नकार द्यायचा. नियम मंच चालवणाऱ्या पुण्यातल्या मित्राचा होता. तो लोकांकडून पाळून घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते गरजेपेक्षा जास्त मनापासून केलं.

हा मंच गच्चीवर भाजी लावणाऱ्या मराठी माणसांचा होता. आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, नळाला पाणी येण्याच्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवावी लागायची, आणि तरीही माझ्यासारखे काही जण तेलाच्या डब्यांत वांगी लावत होते. तांदूळ धुतलेलं पाणी, कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी, सगळं बादलीत साठवून जिन्यानं वर न्यायचं. मग कधीतरी पहिलं वांगं धरायचं आणि ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय राहवायचं नाही.

कॅमेऱ्यातून वायरीनं फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, पेंटमध्ये उघडायचा, टक्केवारी घालून कमी करायचा, सेव्ह करायचा, वजन बघायचं, नाही बसलं तर पुन्हा तेच. सिडकोतल्या घरी आमचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. बायको मागून जाता जाता म्हणायची, "भाजीला काही ठेवलंय का, की सगळंच बारीक केलं?" आडवं आणि उभं सारख्या प्रमाणात कमी करायचं भान राहिलं नाही तर भाजीची जातच बदलायची. एका बाईंनी पडवळाचा फोटो टाकला. तो लांबीकडून एवढा दबला की सगळ्यांनी "काकडी मस्त आलीय" म्हणून कौतुक केलं आणि त्या बिचाऱ्या प्रत्येकाचे आभार मानत राहिल्या. त्या दुपारी मी एकटाच खुर्चीत बसून हसलो होतो. असं हसणं पुन्हा फारसं झालं नाही.

आणखी एक नियम मात्र माझा स्वतःचा होता. लोक भाजीच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढत आणि टोमॅटो भोपळ्याएवढा दिसे. म्हणून मी सांगितलं, शेजारी मापासाठी काहीतरी ठेवा. मग कुणी काडेपेटी ठेवायचं, कुणी पेन, कुणी टीव्हीचा रिमोट. एकानं झोपलेलं मांजर ठेवलं. फोटो नियमात नसला की मी उडवायचो आणि खाली कारण लिहायचो. लोक मला कात्री म्हणायला लागले, आणि मला त्याचा थोडा अभिमान वाटायचा.

गंगापूरचे काका मंचावर आले ते यानंतर. कारखान्यातून निवृत्त झालेले, घराच्या गच्चीवर वेल चढवलेले. बाकीच्यांनी स्वतःला झाडांची, पाखरांची नावं घेतली होती. काकांनी नावाच्या जागी फक्त 'गंगापूर' लिहिलं. गावातल्या सायबर कॅफेत जाऊन ते एकेक अक्षर शोधत टंकत असावेत, कारण त्यांची वाक्यं तोकडी असायची. "लई ऊन हाय. येल माना टाकायलाय. काय करू?" पुण्याच्या, ठाण्याच्या लोकांच्या नीटनेटक्या मराठीत त्यांचं लिहिणं उठून दिसे, पण त्यांनी ते कधी बदललं नाही. मला ते साहेब म्हणायचे. मी वयानं कितीतरी लहान आहे, साहेब म्हणू नका, असं लिहिलं तर त्यांचं उत्तर आलं, "तुम्ही कात्री बंद करा, मी साहेब बंद करतो."

एका उन्हाळ्यात त्यांनी कळवलं की दुधी धरलाय आणि असा दुधी गंगापुरात कुणी बघितला नाही. पण फोटो काही चढेना. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर तो लहान करायला त्यांना जमत नव्हतं. मी पायऱ्या लिहून दिल्या, मग पुन्हा सोप्या करून दिल्या. शेवटी म्हणालो, मला मेल करा, मी करतो. फोटो आला. खाली दोनच ओळी होत्या. "काडेपेटी ठिवली तर दिसंना. म्हणून मापाला मीच उभा राहिलो."

मांडवातून लोंबणारा दुधी त्यांच्या छातीपासून पार गुडघ्यापर्यंत आलेला. शेजारी काका, हात बाजूला ताठ, शाळेतल्या कवायतीला उभं राहावं तसे. फक्त चेहरा कवायतीतला नव्हता. डोळे मिटलेले, टोपी मागं सरकलेली, आणि तोंडभर हसू.

मी मांडवाचा वरचा भाग कापला, फोटो आवळला. तरी वजन बसेना, म्हणून दर्जा थोडा उतरवला. मग चढला. त्या फोटोखाली जेवढी उत्तरं आली तेवढी मंचावर आधी कधी आली नव्हती. "माप फार गोड आहे," असंही कुणीतरी लिहिलं. त्या काळी मेलबॉक्स लहान असायचा आणि भरत आला की सारखी सूचना यायची. काकांचा मेल सगळ्यात जड होता. मी तो पुसला. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. मनात काही आलं नाही. मंचावर फोटो दिसत होता, म्हणजे फोटो आहे, असंच मी धरून चाललो होतो.

पुढे सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले. मंचावरची माणसं फोनमधल्या ग्रुपांवर गेली, तिथं कुणी वजन बघत नव्हतं. काकांचंही लिहिणं थांबलं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी एकदाही फोन केला नाही. उद्या करू, असं मात्र बऱ्याचदा म्हटलं.

मंच अजून उघडतो. मी अधूनमधून जाऊन बघतो, कुलूप लावलेल्या घराच्या अंगणात डोकावावं तसा. या उन्हाळ्यात तिथं माझ्यासाठी निरोप दिसला. "भाऊ, मी गंगापूरच्या काकांची मुलगी. बाबा मागच्या महिन्यात गेले." पुढे तिनं सगळं सविस्तर लिहिलं होतं. काकांना अर्धांगाचा झटका आला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्यानंतर त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नाही. भिंतीवर ओळखपत्रावरून केलेला फोटो लावलाय. तो रागीट दिसतो, तिची लहान मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसते आणि हे आजोबा नाहीत म्हणते. दुधीजवळचा फोटो मंचावरून उतरवून मोठा करायला गेलं तर चेहऱ्याचे चौकोन होतात. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्याकडं मोठा असंल तर तेवढा द्या."

मी जुना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला, सीड्या धुंडाळल्या, ज्या मेलबॉक्समधून मीच तो पुसला होता तिथंही जाऊन बघितलं. बायको म्हणाली, "त्यांना खरं सांगून टाका." मी हो म्हणालो, आणि सांगण्याऐवजी गुलमंडीजवळच्या एका स्टुडिओत गेलो.

स्टुडिओवाल्यानं मंचावरचा फोटो मोठा करून दाखवला. काकांचा चेहरा फरश्यांसारखा फुटला. तो म्हणाला, "साहब, इसमें जितना है उतनाच निकलेगा. बाकी मशीन भरेगी, बोलो तो भरवाता." मी भरायला सांगितलं. थोड्या वेळानं पडद्यावर काका स्वच्छ दिसायला लागले. कातडी गुळगुळीत, दातांची रांग सरळ, दुधी चकचकीत. मला फार हलकं वाटलं. आता सांगायलाच नको, हाच मोठा फोटो म्हणून द्यावा, असा विचार आला, आणि मी तो लगेच झटकलाही नाही. त्यानं मोठी प्रत काढली आणि तुलनेला म्हणून मंचावरच्या फोटोची, काही न भरलेली, पोस्टकार्डाएवढी एक प्रतही पाकिटात घालून दिली. मोठा फोटो घेऊन येतो, असं मी मुलीला कळवलं आणि दोन दिवसांनी दोन्ही घेऊन गंगापूरच्या बसमध्ये बसलो.

घरी काकू आणि मुलगी दोघीच होत्या. मुलगी माझ्याच वयाच्या आसपासची, बोलायला सरळ. तिनं गुंडाळी सोडून मोठा फोटो पलंगावर पसरला आणि तिचे डोळे भरले. काकू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"दुधी बाजारातला दिसायलाय," त्या म्हणाल्या.

"आई, दुधी कशाला बघती? बाबांकडं बघ."

"त्यांच्याकडंच बघायले. दात कुणाचे बसवले ह्यांना?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग मला बोलणं भाग होतं. मी मशीनचं सांगितलं. मोठा फोटो माझ्याकडे आला होता, मी तो लहान करून मंचावर टाकला आणि मूळचा पुसला, हेही सांगितलं. कशासाठी, तर जागा होत नव्हती म्हणून. सांगताना ते कारण मलाच ऐकवेना.

"म्हणजे आलता तुमच्याकडं," मुलगी म्हणाली.

"आला होता."

"कॅमेरा माझ्या आतेभावाचा व्हता. त्यानं कार्डावरचं सगळं घालवलं म्हणून बाबा गेल्यावर त्याला आम्ही नाय नाय ते बोललो. तो म्हणत व्हता, मेल केलेला हाय कुठंतरी. आम्हाला वाटलं, उगं सांगायलाय."

ती उठून आत गेली. चहाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती आत होती.

तोवर काकूंनी माझ्या पिशवीतून डोकावणारं पाकीट मागून घेतलं. लहान प्रत हातात धरून त्या दारापाशी उजेडात गेल्या. चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला. आणि त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्या हसतायत.

"हा म्या काढला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, कुणी काढला?"

मला काहीच वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत, फोटो कापताना, आवळताना, नियमात बसवताना, समोर कॅमेरा धरून कोण उभं असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मापाला उभं राहा म्हणलं तर पोलिसावाणी उभे राहिले. तोंडाची टकळी मात्र चालूच. असं धर, तसं दाब, ऊन मागं घे. मी म्हणलं, तुमच्यापरीस दुधी बरा, लटकून गप तरी ऱ्हातो. तवा हसले. तेवढ्यात दाबलं मी."

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "हेच हाय," म्हणाल्या. "त्यो दुसरा न्या माघारी."

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कप माझ्यापुढं ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या हातातला फोटो तिनं घेतला, दारातच उभं राहून बघितला. मग कपाटामागून एक फ्रेम काढली. मोठा फोटो मिळणार म्हणून तिनं ती आधीच करून आणली होती, जाड लाकडी पट्टीची, चांगली हातभर उंच. मागचा पुठ्ठा काढून तिनं पांढऱ्या कागदावर तो लहान फोटो मधोमध ठेवला आणि काच लावली. चहूबाजूंनी पांढरा कागद आणि मध्ये तळहाताएवढे काका आणि त्यांचा दुधी.

"लांबून काय दिसणार हे?" ती म्हणाली.

"ज्याला बघायचं त्यो येईल की जवळ," काकू म्हणाल्या.

ओळखपत्रावरच्या फोटोवर सुकलेला हार होता. मुलीनं फोटो हारासकट उतरवला आणि नवा हार आणायला सांगू का, असं आईला विचारलं.

"नको. हारात झाकून जातील ते."

मुलीनं वरचा खिळा काढून तो बराच खाली, तिच्या मुलीची नजर जाईल एवढ्या उंचीवर ठोकला. फ्रेम जड होती, एकटीनं दोरी अडकवता येईना. तेव्हा माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "भाऊ, जरा खालून धरा."