अकराच्या आत हजेरी

आयुष्यात एकदाच मी कुणाला "तुम्हाला वाचता तरी येतं का?" असं विचारलं. ज्यांना विचारलं त्यांचं सगळं आयुष्य सोसायटीच्या वह्या लिहिण्यात गेलं होतं.

दुष्काळाचं साल होतं. बीडला एका सहकारी संघाच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. सर्व्हर खताच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत होता, त्यामुळे माझ्या साड्यांना बाराही महिने युरियाचा वास. गावोगावच्या सोसायट्या चारा छावण्या चालवत होत्या आणि प्रत्येक छावणीला आम्ही एक लॅपटॉप दिला होता. तिथल्या माणसानं त्यावरून आमच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि दावणीला किती जनावरं आहेत ती हजेरी भरायची, सकाळी अकराच्या आत. हजेरी आली की दुसऱ्या दिवशीचा चारा आणि टँकर सुटायचा. नाही आली तर सुटायचा नाही. आणि सलग तीन दिवस आली नाही तर छावणी बंद धरायची, असा वरून आलेला नियम होता.

लिंबागणेशच्या अंगाला अशी एक छावणी होती. तिथं सोसायटीचे सेक्रेटरी बसायचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. रिटायर व्हायला आलेले, एका बोटानं टाइप करणारे, पण त्यांची हजेरी साडेनवालाच हजर. इंटरनेटच्या डोंगलला रेंज यावी म्हणून त्यांनी ते लांब वायर लावून लिंबाच्या फांदीला टांगलं होतं. त्याच लिंबाखाली त्यांची स्वतःची लाल कंधारी गाय बांधलेली असायची. गाभण होती. फोनवर हजेरीचं बोलणं संपलं की तिचं सुरू व्हायचं. "लई गुणाची हाय, ताई. अजून दीड महिना काढला की झालं."

एका रविवारी हुकूम आला की सगळ्यांचे पासवर्ड बदला. मी एकेका छावणीला फोन लावत बसले. काकांना सांगितलं, "नवं पान उघडेल. वरच्या खान्यात नवा पासवर्ड टाका, खालच्या खान्यात परत तोच टाका. निदान आठ अक्षरं आणि एक आकडा."

बराच वेळ टकटक ऐकू आली. मग म्हणाले, "टाकला बगा. झालं म्हंतंय."

सोमवारी सकाळी फोन. "ताई, आत घेईना. पासवर्ड चुकीचा म्हंतंय."

मला आधी वाटलं लाइनच तुटतेय. तपासलं तर लाइन ठीक होती. त्यांचा लॅपटॉप सर्व्हरपर्यंत येत होता आणि उंबऱ्यावरून परत जात होता. मी कॅप्स लॉक बघायला सांगितलं. कीबोर्ड मराठीवर तर गेला नाही ना, ते विचारलं. तीन वेळा चुकलं की खातं आपोआप बंद पडायचं, ते मी इकडून उघडून द्यायचे आणि ते परत तीनदा चुकवायचे. असं करता करता अकरा वाजून गेले.

"काका, पासवर्ड काय ठेवला होता तो मला अक्षर अन् अक्षर सांगा."

"हिरवाचारा. इंग्रजीत. पुढं एकचा आकडा. वहीत लिवून ठेवलंय की."

पासवर्ड नवा करून द्यावा, तर तो अधिकार मला नव्हता. कुलूप उघडायची मला मुभा, पण किल्ली बदलायची ती सॉफ्टवेअर देणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं. तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तक्रार नोंदवा, नंबर येईल." नंबर आला. बाकी काही आलं नाही. माझ्या लॉगिनमधून त्यांची हजेरी भरावी, तर तेही बंद केलेलं, कारण मधे कुठंतरी खोटी जनावरं दाखवल्याचा बोभाटा झाला होता. जो दावणीजवळ बसतो त्यानंच भरायचं.

मंगळवारी मला कारण सापडलं असं वाटलं. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेली होती आणि तारीख कितीतरी वर्षं मागं गेली होती. तारीख चुकली की सर्व्हर ओळख देत नाही. मी खुर्चीतून उठलेच. तारीख नीट करून घेतली, लॅपटॉप बंद-चालू करायला लावला.

"आता टाका."

"न्हाई घेत, ताई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस तेच तेच ऐकून कान किटले होते. "वहीत जे लिहिलंय तेच टाकताय ना? तुम्हाला वाचता तरी येतं का, काका?" ते म्हणाले, "येतं की, ताई." फोन त्यांनी ठेवला नाही, मीच ठेवला.

बुधवारी ऑफिसची जीप मागून मी छावणीवर गेले. नऊलाच पोचले. चारा सोमवारच्या वाटणीतला उरलेला, चिमूट चिमूट पुढं टाकलेला. टँकर आलाच नव्हता, हौद कोरडा ठाक. बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि मी गाडीतून उतरल्यावर सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. काकांनी लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून टॉवेल धरला. त्यांनी माझ्यासमोर पासवर्ड टाकला. मी कीबोर्डवर एकेक अक्षर बघितलं. बरोबर होतं. मग मी स्वतः टाकला. चुकीचा. वही मागून घेतली. पानाच्या मधोमध वर श्री, खाली वळणदार अक्षरात पासवर्ड. वहीत आहे तस्साच टाकत होतो आम्ही.

एक म्हातारा मागून म्हणाला, "कामून घेईना वो हे? जनावरं तर हितंच उभी हायती, डोळ्यांनी दिसत्यात." त्याला काय सांगणार? अकरा वाजले. मी पुण्याला फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. काकांनी लॅपटॉप मिटला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि मला चहा घेणार का विचारलं. दुधाशिवायचा होता. मी घेतला नाही. आज वाटतं, तेवढा तरी घ्यायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी छावणी बंद झाल्याचं पत्र निघालं. लोक आठवडी बाजारात जनावरं घेऊन गेले, काकांची कंधारीही त्यात होती, आणि अशा बाजारात गाभण गाय कोण घेतं ते सगळ्यांना माहीत असतं. मला अहवाल मागितला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक.' दुसरं काही सापडत नव्हतं आणि मला माझी नोकरी होती.

पंधरा-वीस दिवसांनी पुण्याच्या कंपनीनं जुना पासवर्ड पुसला, आता नवा ठेवता येणार होता. बंद छावणीचा शेवटचा अहवाल भरायला काका ऑफिसात आले. धोतर स्वच्छ, काखेत छावणीचा लॅपटॉप, हातात तीच वही. मी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, म्हटलं, "काका, नवा पासवर्ड टाका." खान्यात नुसती टिंबं उमटतात, काय टाकलं ते दिसत नाही. पण छावणीवरच्यासारखंच माझं लक्ष त्यांच्या बोटाकडं होतं. बोट आधी एस वर गेलं. मग एच, आर, आय. मग पुढचा शब्द. खालच्या खान्यातही तसंच.

"हे सुरुवातीला काय टाकलंत?"

"श्री. नवं पान हाय न्हवं." माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी जेवायच्या आधी हात का धुता विचारलं होतं.

"आणि नंतर रोज उघडताना?"

"रोज कशाला? श्री एकदाच, सुरुवातीला. रोज रोज कोण लिवतं का, ताई?"

माझ्या स्वतःच्या टेबलावर रजिस्टर उघडं पडलं होतं. त्याच्याही पहिल्या पानावर, वर मधोमध, माझ्याच अक्षरात श्री होतं. मीच त्यांना म्हणाले होते, नवं पान उघडेल. तीन दिवस मी तारखा बघितल्या, वायरी बघितल्या, आणि त्या बुधवारी वहीतलं ते श्री अगदी समोर बघून त्याच्या खालून वाचायला सुरुवात केली. चार अक्षरं.

"तवा काय बिघडलं व्हतं, कळलं का वो?" त्यांनी विचारलं.

"लाइनीत बिघाड होता," मी म्हणाले. फाइलमधला माझा अहवाल त्यांनी कधी बघितला की नाही, मला माहीत नाही.

"तेच म्हनलं," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं माजंच कायतरी चुकलं."

मग मी त्यांना श्री सकट पासवर्ड टाकायला लावला. पहिल्याच फटक्यात उघडलं. समोर हजेरीचं पान आलं, मोठी जनावरं, लहान जनावरं, दोन मोकळे खाने. काकांनी घड्याळाकडं बघितलं. साडेदहा झाले होते. त्यांनी एका बोटानं पहिल्या खान्यात शून्य टाकलं, दुसऱ्यात शून्य टाकलं आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"बरोबर हाय का बगा, ताई," ते म्हणाले. "अकराच्या आत झालं."