पाठमोऱ्या बाई

देशभरातल्या स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या पुरस्कारासाठी आम्ही परीक्षक बसलो होतो. दुपार कलत आली होती. हातोहात फिरत एक फोटो माझ्याकडे आला. नदीकाठचा कचरा उचलणाऱ्या एक बाई, वाकलेल्या, पाठमोऱ्या.

“चेहरा दिसत नाही. दुसरा मागवा, नाहीतर अर्ज बाद,” अध्यक्ष म्हणाले.

“यांचे सगळे फोटो असेच आलेत,” शेजारच्या मॅडम हसल्या. “बाई वळतच नाहीत.”

उन्हाची तिरीप फोटोवर सरकत आली. माझी आईसुद्धा मला अशीच आठवते, ओट्याकडे तोंड करून, मानेवर अंबाडा सैल झालेला. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. तेवढी बघायलाच बहुधा आम्हाला इथे बसवलं असावं.

मी फोटो पुढे सरकवला. अध्यक्षांनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला.

“राहू दे,” ते हळूच म्हणाले. “ही पाठ ओळखतो मी. आमच्या घरातही होती.”