सिद्धार्थचं विरजण

सिद्धार्थ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या एसटी स्टँडवर होतो. रडू नाही आलं, रागच आला... भांडण अर्धवट टाकून उठून जायची त्याची खोडच होती!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघांनी जुन्नरात कॉम्प्युटर क्लास काढला. त्याच्या गावच्या, पिंपरी पेंढारच्या, डेअरीसाठी त्यानं दूध मोजणीचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी कुणीही वाचावा, वापरावा म्हणून खुला ठेवलेला कोडही होता. आसपासच्या डेअऱ्यांत तो चालू लागला आणि तो विकत घ्यायला पुण्याच्या एका कंपनीचे साहेब गाडी घेऊन हजर! क्लास तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. हे जमलं तरच तो तगणार होता.

"प्रोग्रॅमचं लायसन, म्हणजे वापरायच्या अटी, तेवढ्या सैल करा," साहेब म्हणाले. "कुणीही घ्या, काहीही करा, फक्त मूळ नाव ठेवा. तुमचं नाव राहीलच."

मी पेन काढलं. सिद्धार्थनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"नाव ऱ्हाईल वो. पण तुमी आतल्या कोडला कुलूप लावल्यावर डेअरीवाल्याला आतलं दुरुस्त करता येईल का?"

"ते आम्ही बघू ना."

"मग न्हाई जमायचं. आमच्यात विरजण मागाया आलेल्याला कुणी परत धाडत न्हाई. तुमी दही लावा, खुशाल विका. पण तुमचं दही नेलेल्यानं त्याचंच विरजण लावलं, तर अडवायचं न्हाई. प्रोग्रॅम द्याल त्याला आतला कोडबी द्यायचा. मला ज्यांनी दिलं त्यांची हीच अट व्हती. ती मोडणारा मी कोण?"

साहेबांचा चहा तसाच राहिला. गाडी वळल्याबरोबर मी ओरडलो, "अरे, क्लास बुडवलास की राव!"

"बुडू दे. डेअरी तर न्हाई बुडली."

क्लास बुडालाच. मी मंचरला नोकरी धरली, आणि कित्येक महिने आम्ही बोललो नाही. मग एका बाजारच्या दिवशी स्वारी दारात! हातात सीडी. "नवी दुरुस्ती केलीय, एक कॉपी ठिव तुझ्याकडं." भांडणाचा विषयच नाही. त्यामुळं मी लई चिडलो होतो.

परवा त्याच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. माणसं पांगल्यावर मढ गावच्या डेअरीचा एक जण आला, दुधाचा प्रोग्रॅम मागत. सिद्धार्थ गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्याला सीड्या तशाच अडकवलेल्या होत्या. मी एक काढली, कॉपी करून त्याच्या हातात दिली.

सिद्धार्थच्या पत्नी रमावहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊ, नुसतं चालणारं दिलं, का आतलं सगळं दिलं?"

"सगळं दिलं, वहिनी," मी म्हणालो... आणि त्या अनोळखी माणसासमोर मला रडू फुटलं.